चिखलातली नोंदवही
बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि आपल्या किनारी पाणथळी

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली. प्राण्यापक्ष्यांविषयी जे पाहिले ते एकमेकांना सांगावे, हाती आलेले नमुने दाखवावेत आणि महिन्यातून एकदा भेटावे, एवढेच त्यांनी ठरवले. सहा युरोपीय होते, दोन आपले. आपल्यांपैकी एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजातले औषधी वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. या भेटीतून उभ्या राहिलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा इतिहास सांगताना ही दोन नावे बहुधा यादीच्या शेवटी उरकली जातात. मला ती आधी घ्यावीशी वाटतात, कारण आत्मारामांचे तर्खडकर हे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून आलेले. मिठागरे, खाजणे आणि भरतीच्या पाण्यावर चालणारा हा मुलूख. ज्या संस्थेने पुढे खाडीचा चिखल उपसून त्यातले किडे मोजले, तिच्या मुळाशीही खारी माती आहे.

संस्थेचे पहिले मानद सचिव ई. एच. एटकेन यांची भाकरी तर मिठावरच होती. मुंबई सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात ते नोकरीला होते. कच्छच्या छोट्या रणाच्या काठचे खाराघोडा, उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा आणि गोव्याची सरहद्द अशी त्यांची बदल्यांची वाट. मिठागराच्या बांधावरून फिरणाऱ्या अधिकाऱ्याला शेकाट्या, तुतारी, चिखल्या हे पक्षी रोजचे. शिकारीचा तो काळ होता आणि संस्थेचे बरेच सुरुवातीचे सभासद बंदूक घेऊनच निसर्गाकडे जात, हेही खरे. पण मारलेल्या पक्ष्याचे माप घ्यायचे, जागा लिहायची, तारीख लिहायची ही शिस्त त्यांनी लावून घेतली. त्या शिस्तीमुळे आज जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच्या किनाऱ्याविषयी आपण काही खात्रीने बोलू शकतो.

संस्थेला स्वतःची जागा नव्हती. एच. एम. फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याने १८८४ च्या जानेवारीत फोर्टमधल्या फॉर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानाचा एक भाग संस्थेला दिला. पुढे वीस वर्षे सचिवपदही त्यांनी सांभाळले. संस्थेच्या जागेत पाळलेला 'विल्यम' नावाचा मोठा धनेश १८९४ पासून १९२० पर्यंत जगला आणि संस्थेच्या बोधचिन्हावर कायमचा जाऊन बसला.

जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचे जर्नल निघाले. आजवरच्या वाटचालीतली सर्वांत टिकाऊ गोष्ट कोणती असे मला विचारले, तर मी याच जर्नलकडे बोट दाखवीन. त्यात शास्त्रज्ञांच्या लेखांशेजारी वनाधिकारी, डॉक्टर, रेल्वेचे अभियंते, पाद्री यांच्या दोन-चार ओळींच्या टिपा येत. कुठे कोणता पक्षी नेहमीपेक्षा आधी आला, कुठे समुद्राने काय किनाऱ्यावर टाकले. लिहिताना कोणालाच माहीत नव्हते की या टिपा शतकानंतर पुरावा म्हणून लागतील.

एकच उदाहरण देतो. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १९०५ मध्ये जर्नलच्या सोळाव्या खंडात त्यांनी मुंबई इलाख्यातील कांदळवनांवर आणि त्यांच्या जीवशास्त्रावर लेख लिहिला. तिवराची चिखलातून वर डोकावणारी श्वासमुळे आणि झाडावरच रुजून मग खाली गळणारी कांदळाची रोपे या गोष्टी खाडीकाठच्या कोळ्या-आगऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होत्या. विद्येच्या दरबारात मात्र खाजण म्हणजे पडीक, डासांची, भराव घालून कामाला लावायची जमीन. मुंबई शहराचा मोठा हिस्सा याच समजुतीवर उभा आहे. अशा शहरात बसून त्या जमिनीवर शास्त्रीय लेख लिहिणे, ही मला धाडसाची गोष्ट वाटते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ६ ऑक्टोबर २००५ रोजी, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अंतिम निकाल आला. याचिका दुसऱ्या संस्थेची आणि न्याय न्यायालयाचा, त्याचे श्रेय आपण घेऊ नये. पण तिवर म्हणजे जंगल, हे समाजाच्या गळी उतरायला जी शंभर वर्षांची विद्या लागली, तिची पहिली पाने आपल्या कपाटात आहेत.

सालिम अलींविषयी या पिढीला नव्याने सांगण्याची गरज नाही. १९०८ मध्ये बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन संस्थेचे तेव्हाचे सचिव मिलर्ड यांच्याकडे गेलेला मुलगा, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही आली आहे. मला त्यांच्या आयुष्यातली दोन ठिकाणे इथे महत्त्वाची वाटतात. पहिले अलिबागजवळचे किहीम. बर्लिनहून शिकून परतल्यावर नोकरी नाही, म्हणून ते किहीमच्या घरी राहायला गेले आणि १९३० च्या पावसाळ्यात तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. समुद्राच्या वाऱ्यात बसून केलेल्या त्या निरीक्षणांनी भारतीय पक्षिशास्त्राला मेलेल्या कातड्यांच्या पेटीतून बाहेर काढून जिवंत पक्ष्यापाशी आणले. दुसरे ठिकाण हेल्गोलँड. उत्तर समुद्रातल्या या चिमुकल्या बेटावरील पक्षी-निरीक्षण केंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र पाहिले. त्याचे बी रुजायला मात्र तीस वर्षे लागली.

मधल्या काळात, १९४५ मध्ये, ते कच्छच्या मोठ्या रणात उंटावरून गेले. उथळ खाऱ्या पाण्यात चिखलाच्या लहान लहान बुरुजांसारखी घरटी बांधून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे वीण करतात. कच्छचे महाराव खेंगारजी यांच्या काळापासून ही वसाहत ठाऊक होती. सालिम अलींनी तिचा पद्धतशीर अभ्यास जर्नलमध्ये मांडला. छोटा रोहित कच्छमध्ये वीण करतो, ही त्यांची नोंद १९७४ सालची. मुंबईकरांनी ही तारीख लक्षात ठेवावी, कारण आपल्या ठाणे खाडीत हिवाळ्यात उतरणारा गुलाबी थवा मुख्यतः याच छोट्या रोहितांचा असतो. त्याचे माहेर कच्छकडे आहे हे आपल्याला कळले, ते या कामामुळे.

कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू ओळखला. तो रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. सैबेरियातून येणारे पक्षी गोचिडांबरोबर तो घेऊन येतात की काय, अशी शंका आली. उत्तर शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये संस्थेचा पक्षी-स्थलांतर प्रकल्प उभा राहिला. सालिम अली तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. तो रोग आपल्याच जंगलातल्या गोचिडांचा आहे, हे पुढे स्पष्ट झाले. पक्षी निर्दोष ठरले आणि त्यांच्या पायांतल्या कड्यांनी आशियाच्या आकाशाचा नकाशा काढायला सुरुवात केली.

या प्रकल्पाचे एक अंग मला फार जवळचे वाटते. पक्षी पकडायचा कसा, हे पुस्तकात शिकून येत नाही. संस्थेने त्यासाठी बिहारमधल्या मिरशिकार समाजातील पारध्यांना बोलावले. पिढ्यान्पिढ्या पक्षी धरून विकणारी ही माणसे. कोणत्या वाऱ्याला थवा कुठे बसेल, पाणी किती चढले की तुतारी कोणत्या बांधावर येईल, जाळे कधी ओढायचे आणि पिसाला धक्का न लावता पक्षी हातात कसा घ्यायचा, हे सारे त्यांच्या बोटांत होते. ज्या हातांनी पक्षी बाजारात गेला असता, त्याच हातांनी तो मापे घेऊन, कडी घालून पुन्हा सोडला. शोधनिबंधांवर शास्त्रज्ञांची नावे छापली गेली. या माणसांची छापली गेली नाहीत, किंवा तळटीपेत आली. या स्मरणिकेत तरी त्यांच्या विद्येचा उल्लेख मुख्य मजकुरात यावा.

तमिळनाडूतील कोडियक्करै, म्हणजे पॉइंट कॅलिमेर, ही या कामाची मोठी शाळा. वेदारण्यमची खारी दलदल आणि मिठागरे तिला लागून आहेत. इथे वर्षानुवर्षे तुतारी, चिखल्या आणि सुरय पकडून त्यांना कडी घालण्यात आली. तोच पक्षी दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी पुन्हा त्याच भागात जाळ्यात सापडे. आर्क्टिकच्या टुंड्रातून हजारो किलोमीटर उडून आलेला, मुठीत मावणारा जीव नेमका त्याच बांधावर उतरतो, हे आकड्यांनी सिद्ध झाले. परतीच्या प्रवासाआधी त्याचे वजन किती वाढते, अंगात चरबी किती साठते, हेही मोजले गेले. या मोजमापाचा अर्थ साधा आहे आणि धोरण आखणाऱ्यांना तो अजून पुरता उमगलेला नाही. ही पाणथळ गेली, तर पक्षी शेजारच्या पाणथळीत जाईल हे गृहीत धरता येत नाही. चिखलातले किडे खाऊन जी चरबी साठवायची, ती साठली नाही तर त्याला सैबेरिया गाठता येत नाही.

ओडिशातल्या चिलिका सरोवरावरही संस्थेचे काम अनेक वर्षे चालू आहे. नलबाणा बेटावरच्या वार्षिक गणनेत आपले लोक असतात. चिलिका हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे थांबतो.

संशोधनाचा कायद्याशी संबंध जोडणारा माणूस म्हणजे हुमायून अब्दुलअली. १९४९ ते १९६२ या काळात ते मानद सचिव होते. १९५१ चा मुंबई वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा हात होता आणि १९७२ च्या केंद्रीय कायद्याच्या आधीची ती महत्त्वाची पायरी ठरली. कोणता पक्षी कुठे दुर्मीळ झाला हे नोंदवह्यांतून सांगता येत होते, म्हणून कायद्याच्या यादीत नावे लिहिता आली. १९६५ मध्ये संस्था हॉर्नबिल हाउसमध्ये आली. आज एक लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह तिथे आहे.

आता आपल्या दाराशी येतो. शिवडीच्या धक्क्यावर हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी उभे राहावे. मागे गोदामे, बाजूला भंगारात निघालेल्या बोटी, पलीकडे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, आणि समोर पाणी मागे सरेल तसतसा उघडा पडत जाणारा काळा चिखल. त्या चिखलावर रोहितांचे थवे माना खाली घालून चालत असतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हे पक्षी ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. लोक धक्क्यावर जमू लागले आणि संस्थेने तिथे फ्लेमिंगो महोत्सव भरवायला सुरुवात केली. शिवडी-माहुलची दलदल महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत आली. ६ ऑगस्ट २०१५ रोजी १६९० हेक्टरचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

महोत्सवाला येणाऱ्या माणसाला गुलाबी रंग दिसतो. अभ्यासकाला चिखल पाहावा लागतो. होडीतून ठरलेल्या रेषांवर जायचे, चिखलात नळकांडे खुपसून नमुना काढायचा, तो चाळणीत धुवायचा, त्यातले अळ्यांसारखे कृमी, बारीक शिंपले, गोगलगायी वेगळ्या करून मोजायच्या. पाण्यातला क्षार आणि प्राणवायू तपासायचा. पक्षी मोजताना थव्याचे तुकडे मनात पाडायचे, एका तुकड्यातले शंभर पक्षी नीट मोजून नजर तयार करायची आणि मग पुढे सरकायचे. अशा गणनांतून एका मोसमात लाखाहून अधिक रोहित या खाडीत असल्याचे दिसून आले आहे.

हा आकडा ऐकून आनंद होतो, पण त्याचा अर्थ सावधपणे लावायला हवा. छोटा रोहित सूक्ष्म शेवाळावर जगतो. शहराचे सांडपाणी खाडीत मिसळते, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ फोफावते, आणि बरेच अभ्यासक रोहितांच्या गर्दीचा संबंध याच्याशी लावतात. त्याच खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला विचारा, तो सांगेल की निवटी, कालवे, बोय पूर्वीसारखी उरलेली नाहीत. म्हणून गुलाबी थवा हे खाडीच्या आरोग्याचे प्रमाणपत्र मानू नये. संस्थेच्या कामाचे खरे मोल मला इथे दिसते. सगळे शहर रोहितांचे छायाचित्र काढत असताना कोणीतरी चाळणीतले कृमी मोजत बसले आहे.

या मोजणीतून हाती आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट भरतीची आहे. ओहोटीला पक्षी चिखलावर चरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि काही तासांसाठी हजारो पक्ष्यांना टेकायला जागा लागते. ती जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहे. नेरूळचे डीपीएस तळे, एनआरआय आणि टी. एस. चाणक्यच्या पाणथळी, भांडुपचे उदंचन केंद्र, उरणचे पाणजे या ठिकाणी पक्षी भरतीच्या वेळी विसावतात. खाडी आणि या पाणथळी मिळून एकच घर आहे. स्वयंपाकघराला कुलूप लावून जपायचे आणि निजायची खोली विकून टाकायची, असा व्यवहार कोणत्याही घरात होत नाही. उरणच्या कित्येक पाणथळी मात्र भरावाखाली गेल्या आहेत, आणि उरलेल्यांत भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बुजवले जातात. पाणी आले नाही की वर्ष-दोन वर्षांत जागा सुकते आणि मग ती पाणथळ नव्हतीच असे म्हणायला कागद तयार होतो. अशा वेळी कोणत्या तारखेला, कोणत्या भरतीला, किती पक्षी तिथे होते याची नोंद असणे हाच आधार असतो.

शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याच्या बांधकामाच्या काळात खाडीतल्या पक्ष्यांवर लक्ष ठेवण्याचे काम संस्थेकडे होते. प्रकल्प उभारणाऱ्याच्या पैशातून त्याच प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास करावा का, यावर सभासदांत मतभेद झाले आणि ते होणे योग्यच होते. माझे मत असे की काम घ्यावे, पण नोंदी सर्वांना वाचायला खुल्या ठेवाव्यात. बंद कपाटातला आकडा पक्ष्याच्या उपयोगाचा नाही.

२०२२ च्या जानेवारीत संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांना नावे दिली ती अशी: सालिम, हुमायून, मॅककॅन, लेस्टर, खेंगारजी आणि नवी मुंबई. पहिली पाच या संस्थेच्या आणि कच्छच्या इतिहासातली माणसे. पावसाळ्याच्या तोंडावर पक्षी गुजरातकडे निघाले तेव्हा त्यांची वाट पडद्यावर तासातासाने दिसत होती. उंटावरून रण ओलांडून जे शोधावे लागले होते, ते आता खुर्चीत बसून दिसते. तरी पक्षी पकडायला आजही चिखलात उतरावेच लागते.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाशी थव्याची टक्कर झाली आणि ३९ रोहित मेले. त्याच उन्हाळ्यात नेरूळच्या तळ्यावर पाण्याअभावी पक्षी दगावल्याच्या बातम्या येत होत्या. दोन घटनांचा संबंध जोडण्याची घाई मी करणार नाही. पण रात्री थवे कोणत्या उंचीवरून, कोणत्या वाटेने एका पाणथळीतून दुसरीकडे जातात, याचा सलग अभ्यास आता टाळता येणार नाही. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्या या पक्ष्यांसाठी संस्थेने पुढच्या दहा वर्षांत हे एक काम अग्रक्रमाने करावे, असे मला वाटते.

शेवटी वाचकांना एक विनंती. संस्थेने घातलेल्या कड्यांवर इंग्रजीत आपल्या संस्थेला कळवण्याविषयी ओळ कोरलेली असते आणि तिच्याबरोबर क्रमांक असतो. मिठागराच्या बांधावर, जाळ्यात, शेतात, किनाऱ्यावर कुठेही असा पक्षी जिवंत वा मेलेला दिसला तर क्रमांक, जागा आणि तारीख लिहून ठेवा, जमल्यास छायाचित्र काढा, पक्षी जिवंत असेल तर कडी न काढता त्याला सोडा, आणि ही माहिती मुंबईच्या शहीद भगतसिंग मार्गावरील हॉर्नबिल हाउसला कळवा. दरवर्षी जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते. तुमच्या गावच्या खाडीवर, तळ्यावर अजून कोणी मोजायला जात नसेल, तर येत्या जानेवारीत तुम्ही जा.